कापसाच्या गादीवरची पाहुणी

आमच्या घरी पाहुण्याची इतकी बडदास्त ठेवतात, की पाहुणा आजारी पडतो. निदान एक पाहुणी तरी पडली. ती कोंबडी होती.

शेजारच्या रशीदाचाची लेकीच्या बाळंतपणाला चिखलीला निघाल्या, तेव्हा त्यांनी मोरनीला आमच्याकडे सोपवलं. मोरनी म्हणजे त्यांची काबरी, ठिपक्याठिपक्यांची कोंबडी. चाचा वारल्यापासून घरात चाचींशी बोलणारं तेवढंच एक माणूस! (हो, माणूसच. चाची सुख-दुःख सांगायच्या आणि मोरनी मान वाकडी करून ऐकायची. आमच्या घरात माझं इतकं कोणी ऐकत नाही.) चाची खरं तर माझ्या बायकोला, मंदाला सूचना देत होत्या, पण मीच छाती काढून पुढे झालो.

"चाची, तुमी बिनघोर जा. मी हाये ना. तिले फुलावानी ठेवतो."

आता फुलासारखी ठेवायची कुठे? आमच्या कोंबड्या नवख्या कोंबडीला टोचून बेजार करतात, त्यामुळे खुराडं बाद. मोताळ्याकडच्या कुठल्याही घरात असतो तसा आमच्याही बाहेरच्या खोलीत भाव वाढायची वाट बघत कापूस पडून होता. थेट छतापर्यंत! आम्ही माणसं स्वयंपाकघरात अंग चोरून झोपत होतो. पण पाहुणीला चांगली खोली द्यावी, म्हणून त्या ढिगात मी हातानं खोलगट जागा केली आणि मोरनीला अलगद बसवलं.

"अवो, ते कोंबडी हाये, नवरी नोहे," मंदा म्हणाली. मी दुर्लक्ष केलं. पाहुणचारातलं बायकांना काय कळतं!

थोड्याच दिवसांत मोरनीनं दाणा सोडला. पिसं फुलवून, डोळे मिटून कोपऱ्यात बसू लागली. मधूनच मान लांब करायची आणि झटकायची. मान म्हटल्यावर मी लगेच निदान करून टाकलं. ही मानमोडी! हा रोग आला की गावात कोंबडी उरत नाही. मी नाकाला दुपट्टा बांधला, आमच्या सगळ्या कोंबड्या कोंडल्या आणि मोबाइलवर व्हिडिओ बघायला बसलो. पहिल्यानं सांगितलं, ताप आहे. दुसऱ्यानं सांगितलं, जंत आहेत. तिसऱ्यानं कुक्कुटपालनासाठी कर्ज काढायला सांगितलं. मी लसूण, हळद आणि ओवा यांचं पाणी चमच्यानं तिच्या चोचीपर्यंत नेलं. तिनं चमच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. एवढा स्वच्छ नकार मला सासऱ्यांनीही कधी दिला नव्हता.

मला खरंच भीती वाटू लागली. चाची परत येतील आणि त्यांच्या घरात बोलायला कोणीच नसेल, हा विचार सोसवेना. ढोरांचे डॉक्टर दुसऱ्या गावाला लसीकरणाला गेलेले. आणि नेमका तेव्हाच चाचींचा व्हिडिओ कॉल! दवाखान्याच्या व्हरांड्यात होत्या, लेक आत होती. म्हणाल्या, जीव घाबरून राह्यला, जरा मोरनी दाखव.

मी अंगणात धावलो, खुराड्यातून आमच्याच एका काबऱ्या कोंबडीला काढून काखोटीला मारलं आणि कॅमेऱ्यापुढे धरलं. चाचींनी तिला दोनदा नावानं हाक मारली.

"सुधाकर, हे माही कोंबडी नोहे."

"काऊन चाची? तेच तं हाये."

"माहा आवाज आयकून ते गप बसत नाई, बापा."

तेवढ्यात खोलीतून, कापसाच्या ढिगाआडून, बारीकसं "कुर्रर्र" आलं. चाचींच्या आवाजाला आजारी मोरनीनं उत्तर दिलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दुपट्टा होता म्हणून बरं.

दुसरी कोणी असती तर मला तिथल्या तिथे सोलून काढलं असतं. चाचींनी एक शब्द वाया घालवला नाही. मोरनीला मंदाच्या मांडीवर द्यायला लावलं आणि गळ्याखालची थैली चाचपायला सांगितली. मंदा म्हणाली, रबरी चेंडूसारखी टणक लागते.

"तुंबली ते. खाल्लं काय तिनं? ठेवली कुठी होती?"

मंदानं माझ्याकडे पाहिलं. मी कापसाकडे पाहिलं. पाहुणी इतके दिवस गादीतली सरकी टिपत होती, रुईसकट!

चाचींनी गोडंतेल कोमट करायला लावलं. थेंब-थेंब चोचीत सोडायचं आणि थैली हलक्या हातानं चोळत राहायचं. मंदा चोळत होती, मी एका हातात मोबाइल आणि दुसऱ्या हातात वाटी घेऊन उभा होतो. निम्मं तेल माझ्या शर्टानं प्यालं. इतक्यात तिकडून बाळाचं रडणं ऐकू आलं. चाची उठल्या.

"नातू झाला वाटते. मंदा, हात थांबवू नको, मी आलीच."

आणि खरोखर आल्या! डोळे वाहत होते, तोंड हसत होतं आणि पहिला प्रश्न होता, "नरम पडली का?" एका वेळी दोन जीवांची काळजी, आणि दोन्हीत कसूर नाही. अशा बाईला नमस्कार करावा, पण माझे हात तेलकट होते.

थैली नरम पडली होती. मंदानं चोचीतून ओलसर कापसाची वात हलकेच ओढून काढली. दुसऱ्या दिवशी मोरनीनं मऊ भाताला चोच लावली, आणि चाची परतल्या त्या दिवशी त्यांच्या पायात घुटमळत इतकी बोलली, की माझी तक्रारच चालली असावी.

चाचींनी मात्र मला रागाचा एक शब्द ऐकवला नाही. पुढच्या महिन्यात नातवाला बघायला पुन्हा चिखलीला निघाल्या, तेव्हा मोरनीला त्यांनी बिनघोर मंदाकडे ठेवलं. खबरदारी म्हणून मला तेवढं सोबत घेऊन गेल्या.