हाक मारून घर पाडणारा मल्लाभाऊ

मल्लाभाऊची आणि माझी पहिली भेट माझ्या मूर्खपणाने गाजली. परसातलं बांबूचं कुंपण काढायला आणि जुनी खोली पाडायला मी त्याला बोलावलं होतं. खोलीच्या दारात सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, टेकवून त्याने आत तोंड केलं आणि हाक मारली, "आत कोनी हाय का?" मी त्याच्या शेजारीच उभा. कोणी विचारलं की उत्तर द्यायचं, ही माझी शाळेपासूनची खोड. मी म्हणालो, "मी आहो ना!"

मल्लाभाऊने सब्बल खाली ठेवली. हाकेला उत्तर आलं की त्या दिवशी घराला हात लावायचा नाही, हा त्याचा नियम. मी आत नव्हतोच, बाहेर होतो, हे मी त्याला परोपरीने सांगून पाहिलं.

"जवाब आला ना भाऊ? मंग झालं."

त्या दिवशी त्याने आणि त्याच्या दोन गड्यांनी नुसतं कुंपण काढलं. कुंपणाला तो हाक मारत नसे. कुंपणात कोणी राहत नाही, एवढं त्याला मान्य होतं.

तेव्हा राज्यांच्या फेररचनेत आम्ही कागदोपत्री मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेलो होतो. प्रत्यक्षात होतो तिथेच, नागभीडात. मल्लाभाऊ मूळचा आंध्राच्या हद्दीवरच्या सिरोंच्याकडचा. रागावला की तेलुगूत बोले, म्हणून त्याचा राग कोणाला फारसा लागत नसे. घरं मोडायचा ठेका घ्यायचा, पण चालायचा असा की पायाखालची मुंगीही दुखावू नये. "बांधनारा चुकला तर पानी गळते," तो म्हणे, "मोडनारा चुकला तर काई उरत नाई." गावात त्याच्या हाकेची नक्कल पोरंसोरं करत. मीही करत असे, आणि चांगली करत असे.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते पुन्हा आले. थोरल्या मुलीच्या लग्नाचा मांडव परसात घालायचा होता, मला घाई होती. खोली रिकामी असल्याचं मी छातीठोक सांगितलं. सकाळीच बकरी बाहेर काढली होती, कोंबड्या हाकलल्या होत्या, मुलं ओसरीवर जेवत होती. गड्यांनी कोपऱ्याच्या खांबाला दोर बांधला. तो खांब ओढला की सगळं गवताचं छप्पर एकदम खाली बसणार होतं. मल्लाभाऊने हाक मारली. या वेळी मी तोंडावर हात ठेवून उभा राहिलो.

आतून उत्तर आलं. "हाव, मी हाय. थांबा जरासं."

आवाज माझ्या बायकोचा होता.

चटईची वळकटी काखेत घेऊन ती बाहेर आली. डोळ्यांवर झोप, केसांत गवताची काडी. दोर धरलेल्या गड्यांकडे तिने पाहिलं आणि पदर सावरत घरात निघून गेली. बकरी आठवली, कोंबड्या आठवल्या, आणि ही आठवली नाही.

मल्लाभाऊ जमिनीवर बसला. मी पाण्याचा गडवा दिला, तो त्याने बाजूला ठेवला. तो बोलला, ते माझ्याकडे न पाहता.

"सिरोंच्याकडं एक घर होतं. मालक म्हने, खाली हाय. मी आयकलं. आत त्याचीच माय झोपली होती. तवा मी हाक मारत नोतो."

मग त्याने खांबाचा दोर स्वतः सोडला. "हे घर माह्या हातानं नाई पडत भाऊ. दुसरा गडी पाहा." गड्यांना घेऊन तो गेला, तो आमच्या परसात पुन्हा कधी आला नाही. बाजारात भेटला की मुलांची चौकशी करी, माझ्या बायकोची त्याआधी.

संध्याकाळी बायको चुलीपुढे भाकरी थापत होती. मी अपराधी चेहऱ्याने जवळ जाऊन सांगितलं की उद्या दुसरा माणूस पाहतो, मांडवाला जागा तर हवीच.

तिने मान वर केली नाही. म्हणाली, "खोली राहू द्या. साऱ्या घरात मले तुमा साऱ्यांच्या हाका आयकू येत नाई अशी तेवढीच जागा हाय. मांडव दोन दिवसाचा. झोप मले रोज पाह्यजे."