खाचेवरची चिकटपट्टी

"अण्णांची ती मालिका सहस्रचंद्रदर्शनाला पडद्यावर दाखवायची," दादा म्हणाला.

अंबडच्या एका कारखान्यात मी खरेदी विभाग सांभाळते. माणसांना सहसा घाबरत नाही. पण ती मालिका ज्या व्हिडिओ कॅसेटवर आहे, तिला चौदाव्या वर्षापासून घाबरत आले आहे.

मालिका विनोदी होती, पेशवाई थाटाच्या दरबारातली. सहा भागांतच बंद पडली. हौशी नाटकांत कामं करणाऱ्या आमच्या वडिलांना, अण्णांना, चौथ्या भागात भालदाराचं काम मिळालं होतं. वाक्य एकच. मामाने तो भाग रेकॉर्ड करून दिला. आमच्याकडे व्हीसीआर नव्हता, त्यामुळे कॅसेट कपाटातच राहिली. तिच्या कडेची प्लास्टिकची पट्टी अण्णांनी मुद्दाम मोडून टाकली होती. ती मोडली की कॅसेटवर दुसरं काही रेकॉर्ड होत नाही. मोडलेल्या खाचेवर चिकटपट्टी लावली की होतं, हे आम्हा पोरींना ठाऊक होतं. मैत्रिणीकडे मी त्या कॅसेटवर रविवारचा सिनेमा घेतला. कॅसेट परत कपाटात ठेवली. चिकटपट्टी काढायची राहिली.

"दुकानात मीच देऊन येते," मी घाईघाईने म्हणाले.

शालिमारजवळ जुन्या कॅसेट मोबाईलवर उतरवून देणारं दुकान आहे, तिथल्या दुकानदाराने कॅसेट लावून पाहिली. "मॅडम, पहिली तीन मिनिटं दरबार आहे. पुढे हिंदी पिक्चर. कोणीतरी वरून रेकॉर्ड केलंय."

अण्णांचा प्रवेश त्यानंतरचा. होतं तेवढं त्याने माझ्या मोबाईलवर उतरवून दिलं.

समारंभ चार दिवसांवर आला होता. अण्णांची कळवणची सगळी भावंडं येणार होती. कॅसेटला बुरशी लागली, असं सांगायचं मी रिक्षात पक्कं केलं.

अण्णा दारातच उभे होते. "झाली का गं? माझा आवाज नीट येतो ना?"

बुरशी काही तोंडातून निघेना. मी खरं ते सांगून टाकलं, चिकटपट्टीसकट. ते खुर्चीत बसले. त्यांनी ओरडावं, असं वाटत होतं.

"दरबारातला मागचा पडदा दिसतो?"

"दिसतो."

"लाव."

मोबाईल त्यांनी नाकाजवळ धरला. पानाच्या डब्यावरून राजा प्रधानाला झापत होता. डावीकडे पडद्याच्या फटीतून भाल्याचं टोक बाहेर आलं होतं. ते सारखं थरथरत होतं.

"तो मी. वाक्य विसरेन म्हणून पाय लटपटत होते." ते पुन्हा पाहू लागले. "भाला हलवू नका, म्हणून दिग्दर्शक ओरडले होते मला."

मग चित्र फाटलं आणि सिनेमातलं गाणं सुरू झालं. त्यांनी मोबाईल माझ्या हातात दिला.

"एवढंच दाखवा. वाक्य मी तिथे उभा राहून म्हणेन. पण दादाला तू सांगायचं. मी नाही सांगणार."

दादाचा नंबर लावला. रिंग वाजत होती, आणि मी माझं वाक्य मनातल्या मनात घोकत होते.