आबांचा मूकपट

ओल्या ताडपत्रीचा वास आला की मला कामशेतच्या जत्रेतला सिनेमाचा तंबू आठवतो. त्या दिवशी चंद्रावर जाणाऱ्या माणसांचा जुना मूकपट होता. खाणीतल्या सुरुंगांनी बहिरे झालेले माझे वडील, आबा, शेजारी बसले होते. अग्निबाण चिखलात रुतला, तसे ते खदखदून हसले आणि मोठ्यांदा म्हणाले, "आज समदीच भैरी रं, माज्यावानी!"

माणसं वळून बघू लागली. कॉलेजातले मित्र पुढेच बसले होते. मी आबांच्या तोंडावर हात ठेवला.

मूकपटांचा मी आजही वेडा आहे, पण तो एकच सिनेमा आबांचाही होता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. पुढे एक जण चंद्रावर उतरताना धपकन पडला. सगळा तंबू हसला. आबांनी आधी माझ्याकडे पाहिलं.