कधीच राग न येणारी आई

आमच्या बालकल्याणाच्या ऑफिसात एक जुन्या कर्मचारी आहेत; साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना मावशीच म्हणतात. मुलाला मारल्याची तक्रार ज्यांच्याविरुद्ध येते, त्या आईबापांकडून प्रश्नावली भरून घेणं हे त्यांचं काम. ‘मूल हट्टाला पेटलं की फटका द्यावाच लागतो,’ असली विधानं असतात; पटतं की नाही, त्यावर खूण करायची. त्या खुणांच्या गुणांची बेरीज करून मूल त्या घरात सुरक्षित राहील का, याचा अंदाज बांधायचा; बेरीज जितकी जास्त, तितका धोका. मावशी कधी समोर बसत नाहीत, शेजारी खुर्ची ओढतात. समोर कुणी बसलं की माणूस परीक्षेचा पेपर लिहायला लागतो, असं त्यांचं म्हणणं.

मध्यंतरी एक शिवणकाम करणारी बाई आली. तिच्या लहानग्या लेकाच्या पाठीवर वळ दिसले म्हणून त्याला बालगृहात ठेवलं होतं. तिने कागद असा भरला, की वाचून मलाच तिला दत्तक जावंसं वाटलं. मुलावर कधी ओरडले नाही, कधी कंटाळले नाही, कधीच राग आला नाही! बेरीज धोक्याच्या रेषेच्या खूप खाली आली. मुलाला घरी सोडायच्या कागदावर सही करायला साहेबांनी पेन उघडलं.

“थांबा,” मावशी म्हणाल्या. “तीन पोरं वाढवलीत मी. कधीच राग न येणारी आई एक तर देवी असते, नाहीतर घाबरलेली. आणि देवी आपल्या ऑफिसात कशाला येईल?”

मला हा नसता उपद्व्याप वाटला. पोरगं घरी चाललंय तर जाऊ द्यावं की!

कोरा कागद पुन्हा पुढे आला तशी बाईच्या तोंडचं पाणी पळालं.

“शेजारीण म्हणाली, सगळं गोड गोड लिही,” ती म्हणाली. “खरं लिहिलं तर मुलगा मिळेल ना?”

“ते आत्ता मला सांगता येत नाही,” मावशी म्हणाल्या. “खोटं मात्र सांगणार नाही.”

बाईने खूप वेळ घेतला. ‘राग आला की माझा हात आवरत नाही,’ यापुढे तिने ‘पटतं’ अशी खूण केली. बेरीज रेषेच्या वर गेली. मुलाचं घरी जाणं लांबलं. आधी तिने राग आवरायला शिकवणाऱ्या वर्गाला यायचं आणि तोवर मुलाला बालगृहातच भेटायचं, असं ठरलं. मावशींनी ते तिला शेजारी बसूनच सांगितलं.

माझं डोकं फिरलं. बाईसमोरच मी बोलून गेलो, “खोटं लिहिणारी सुटणार आणि खरं लिहिणारी अडकणार! काय मिळवलंत, मावशी?”

मावशींचा चेहरा पडला. त्या माझ्याशी नाही, तिच्याशी बोलल्या. “पहिल्या कागदावर तो घरी गेला असता ना, तर मला झोप लागली नसती गं.”

“मलाही,” बाई म्हणाली. “मला माझीच भीती वाटते हो, मावशी.”