धुडकूचं ऐकणं

धुडकू डोळ्यांनी ऐकतो. सुरतेच्या लूमखात्यात एकतीस वर्षं काढल्यावर कान असेच होतात. एका पत्र्याखाली शंभर माग खडखडत असतात. घसा फाटेस्तोवर ओरडलं तरी शब्द शेजारच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून तिथली माणसं नुसते ओठ हलवतात आणि समोरचा ते वाचतो.

धुडकू आठ माग सांभाळायचा. लागूनचे आठ छगनकडे. दोघं खानदेशातल्या तापीकाठच्या एकाच गावचे, आणि तीच नदी जिथे समुद्राजवळ येते त्या शहरात पोटासाठी आलेले. बावीस वर्षं दोघं बारा-बारा तास समोरासमोर उभे राहिले आणि आवाज न काढता बोलत राहिले. पोरींची लग्नं, गावातली भांडणं, शेठच्या चालण्याची नक्कल, सगळं. "माले तीन भाषा येतस," धुडकू ऐटीत सांगायचा, "तिन्ही बिनआवाजन्या."

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत दोघं एकाच आठवड्यात तापले. छगनला दवाखान्यात खाट मिळाली. धुडकूला मिळाली नाही. नवागाम वस्तीतल्या घराच्या दोन खोल्यांपैकी मागची त्याला दिली, आणि बायको रुक्मिणी, मुलगी धनश्री दोघींनी तोंडाला मास्क बांधले.

त्या दिवशी धुडकू पुरता बहिरा झाला.

रुक्मिणी ताट ठेवायची, काहीतरी बोलायची. त्याला फक्त निळं कापड आत-बाहेर होताना दिसायचं. धनश्री वहीच्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवायची: पालथे झोपा. वाफ घ्या. बोट पुढे करा. बोटाला चिमटा लावला की यंत्रावर एक्क्याण्णव यायचं, कधी नव्वद. उठून मोरीपर्यंत गेला तरी छाती भात्यासारखी हलायची.

श्वास जरा हाती आला की तो एकच विचारी, "छगन कसा शे?"

धनश्री लिही, बरा आहे.

कागदावर छगन रोज बरा होता. कागदाला चेहरा नसतो, त्यामुळे धुडकू त्याच्याशी भांडू शकत नव्हता.

सतराव्या दिवशी यंत्रावर पंचाण्णव आलं. धनश्री दारात मास्क काढून उभी राहिली. "आप्पा, आता चालेल. डॉक्टर म्हणाले."

"कितला दिनमा तुनं तोंड दखायनं!" धुडकू हसला, आणि हसण्याने खोकला. पण छगनचं विचारलं की ती पाठ फिरवून कामाला लागायची.

रुक्मिणी मात्र मास्क लावूनच चहा घेऊन आली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी तिने कप ठेवला तेव्हा त्याने तिचं मनगट धरलं.

"तू काबर नही काढत?"

तिने घशाकडे बोट केलं, खोटंच खोकली.

"छगन कसा शे?"

तिने मान हलवली. डोळे भिंतीकडे.

"तोंड उघडं करीसन सांग."

रुक्मिणीने एका कानामागची दोरी सोडली. मास्क दुसऱ्या कानाला लोंबत राहिला. ओठ इतके थरथरत होते की पहिल्यांदा त्याला वाचताच आलं नाही. तिने पुन्हा सांगितलं.

"छगनभाऊ गयात."

"कवय?"

"बारा दिन व्हयनात. डॉक्टर म्हणे, तुमले धक्का नको. तुमना श्वास..."

"मी बहिरा शे," धुडकू म्हणाला. "मरेल माणूस नही."

मग पाय खाली सोडले. "उठाड माले."

छगनचं घर दोन गल्ल्या पलीकडे. एरवी तंबाखू मळून होईतो माणूस पोचतो. धुडकू तीनदा बसला: किराणा दुकानाच्या पायरीवर, विजेच्या खांबाला टेकून, आणि कुणाच्या तरी उलट्या बादलीवर. रुक्मिणीने कोपर धरलं होतं. वाटभर त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. न पाहणं म्हणजे त्याचं कान झाकून घेणं, हे तिला ठाऊक होतं.

छगनची बायको मालतीबाई दारात आली. धुडकूला पाहून तिने पदर सारखा केला. तो ओट्याच्या कडेला बसला. बरंच बोलायचं म्हणून आला होता, पण श्वास पुरेना.

"सांग, वयनी," एवढंच म्हणाला.

ती दूरच उंबऱ्यावर बसली, मास्क काढून मांडीवर ठेवला. छगनच्या घरात धुडकूशी कसं बोलायचं ते सगळ्यांना ठाऊक होतं: सावकाश, ओठ पुरते उघडून. तिने पहिल्या तापापासून सुरुवात केली. दवाखान्याची गाडी कुठवर आली, छगन तिच्यात कसा चढला, जाताना खिडकीच्या काचेतून काय म्हणाला, मग फोन कधी आला, शेवटी तिला तो किती लांबून दाखवला.

असं ऐकताना माणसं मान खाली घालतात. रुक्मिणीने घातली. धुडकूला घालता येईना. डोळे भरून आले की तो घाईने बाहीने पुसायचा, आणि पुन्हा मालतीबाईच्या ओठांकडे पाहायचा.