फळ्यावर सरांचं अक्षर होतं

मी विज्ञान शिकवतो. गावात कुणाला बाहेरचं झालं म्हणाले, तर आधी ताप मोजा असं सांगणाऱ्यांपैकी मी. म्हणून हे लिहावं की नाही, यातच चार महिने गेले. घडलं तसं सांगतो...

मी वाशीम जिल्ह्यातल्या कामरगावचा. आमचा भाजीचा मळा, आई बाजारात मेथी-पालक विकते. घरातला पहिला पदवीधर मी, आणि तो झालो ढवळे सरांमुळे. मी आठवीत असताना वडील गेले, माझी शाळा सुटत होती. सर घरी आले, आईसमोर जमिनीवर बसले आणि मला परत वर्गात घेऊन गेले. पुढे कॉलेजचा प्रवेश, बी.एड.चा अर्ज — सगळीकडे सर सोबत. आता ते एका शाळेचे मुख्याध्यापक आहेत आणि मी तिथेच तासिका तत्त्वावर शिकवतो.

दोन वर्षं खपून मी मुलांसाठी इंटरनेटवर एक आभासी शाळा उभी केली. संगणकाच्या पडद्यावर प्रत्येकाचा एक बाहुला. तो चालवत मुलं भल्यामोठ्या हृदयाच्या आत शिरायची, झडप उघडली की रक्तासोबत पुढे. आत एक फळाही होता. सरांचाही बाहुला होता. एकदा तो झडपेत अडकला, तर एक मुलगी म्हणाली, "सर, तुमी शिकवून राह्यले का आडवे येऊन राह्यले?"

सर हसले. "बाप्पा, तीस वर्षं वर्गात फिरलो, आता चालणं शिकून राह्यलो."

या कामावर एक कायम जागा निघाली. अर्जात काम ज्याच्या नावावर, जागा त्याची. अर्ज ऑनलाइन होता, शिक्षकानं स्वतः भरला तरी चालत होता. सर म्हणाले, "तू नोको भरू. मी शाळेकडून पाठवतो, वजन पडते." मी कागद त्यांच्या हातात दिले.

मुदतीचा शेवटचा दिवस मार्चमधला एक रविवार, संध्याकाळी पाचपर्यंत. सर शिरपूर जैनला एका लग्नात होते. मी शाळेच्या संगणक कक्षात एकटाच, सोमवारच्या तासाची तयारी करत होतो. बाहेर रखरखीत ऊन. तीनच्या सुमारास हृदयाच्या वर्गात सरांचा बाहुला आला.

मला नवल वाटलं, कारण मोबाइलवर ही शाळा उघडत नाही. बाहुला फळ्यापाशी गेला, थांबला, चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाला पुसला. सर अगदी असंच करतात, अवघड काही सांगायचं असलं की. पण ही शाळा मी बांधलीय. बाहुल्याला चालणं, बसणं, हात वर करणं आणि फळ्यावर लिहिणं एवढंच येतं. चष्मा तर चेहऱ्यावर रंगवलेला आहे. तो निघत नाही.

मी सरांना फोन लावला.

"शिरपूरलेच हावो, लग्नात. बँड आईकू येते ना?" येत होता.

"सर, अर्ज गेला ना?"

"गेला रे, तुह्याच नावानं. कायले जीव टांगून राह्यला?"

हे कानात चालू असताना पडद्यावर बाहुला लिहीत होता — 'अर्ज विवेकच्या नावानं गेला. पाचच्या आत तुझा तू भर.'

विवेक म्हणजे सरांचा भाचा, आमच्याच शाळेत शिकवतो. त्याला स्वतःचा पासवर्ड बदलता येत नाही. आणि माउसनं लिहिलेलं अक्षर कुणाचंही वेडंवाकडं येतं... हे मात्र खडूनं लिहिल्यासारखं, सरांचं अक्षर होतं. आठवीत माझ्या वहीतल्या शेऱ्यांचं.

तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. कागदांच्या प्रती माझ्या पिशवीत होत्या. कुणीतरी सरांच्या खात्यात शिरून त्यांची बदनामी करतंय असं मी धरलं, आणि फळा पुसून टाकला. बाहुला थोडा वेळ माझ्याकडे तोंड करून उभा राहिला, मग दिसेनासा झाला.

"आईकून राह्यला ना?" फोनवर सर.

"हो सर."

"मंग घरी जाय आता."

महिन्यानं निकाल लागला. विवेक.

मी सरांच्या केबिनमध्ये गेलो. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "त्याचं वय निघून चाललं होतं. तू हुशार हायेस, तुले कुठंबी भेटीन. तू मले पोरासारखा..."

"त्या रविवारी दुपारी तुम्ही आभासी वर्गात आला होता?"

"मी? पंगतीत वाढून राह्यलो होतो."

ते खरं होतं, लग्नाचे फोटो मी पाहिलेत. आभासी वर्गाच्या त्या दुपारच्या नोंदीतही एकच नाव आहे, माझं. मी फळ्यावरचा मजकूर सांगितला, तेव्हा सरांचा हात थांबला. विवेकच्या नावाचं कुणाकुणाला माहीत होतं, असं मी विचारलं.

"कोणालेच नाही," ते हळू म्हणाले. "घरी बी सांगतलं नव्हतं. विवेकले बी नाही."

आईला सगळं सांगितलं. ती मेथीच्या जुड्या बांधत होती. म्हणाली, "एक सर खोटं बोलले, एक खरं. मंग खऱ्याले काहून पुसलं रे?"

स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. दर गुरुपौर्णिमेला मी नारळ घेऊन सरांच्या घरी जायचो. यंदा गेलो नाही. शाळेत गेलो, संगणक लावला आणि हृदयाच्या वर्गात कोऱ्या फळ्यासमोर माझा बाहुला तासभर उभा ठेवला. कुणी आलं नाही. आलं असतं तरी, बाहुल्याला वाकून नमस्कार करता येत नाही... ती सोय मी केलीच नव्हती.