काढायचं राहिलेलं खोटं घड्याळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला सांगते — का, ते विचारू नका.

राजारामपुरीतल्या आमच्या ऑफिसात आम्ही दूध संस्थांसाठी अ‍ॅप बनवतो. तिथं सगळ्यांत जुनी मी. मग गगनबावड्याची शुभांगी आली, आणि थोड्याच दिवसांत आमचे साहेब, म्हणजे सर, म्हणायला लागले, "पोरगी लय हुशार हाय!" तेही माझ्यासमोर. पोटात दुखलं माझ्या. खोटं कशाला बोलू?

शेतकऱ्याला अर्ध्या तासानं पुन्हा मेसेज जातो का, हे बघणारी एक टेस्ट, म्हणजे अ‍ॅप तपासणारा छोटा कोड, मी लिहिली होती. खरा अर्धा तास कोण थांबणार? म्हणून टेस्टपुरतं कोडातच खोटं घड्याळ लावायचं, काटे पुढं ढकलायचे, आणि काम झालं की ते काढून टाकायचं. एका ओळीचं काम. मी विसरले.

माझ्यामागोमाग शुभांगीची टेस्ट चालायची. घड्याळ अजून खोटंच, आणि काटे कुणी ढकलल्याशिवाय तिथं वेळ पुढं सरकायचाच नाही. तिची टेस्ट वाट बघून नापास व्हायची.

"ताई, एकटी चालवली की पास होतीया की ओ," ती म्हणाली.

"तुझ्याच कोडात असेल काहीतरी," मी म्हणाले. तेव्हा मला ठाऊक नव्हतं? होतं — तिचं बोलणं पुरं व्हायच्या आतच लक्षात आलं होतं. तरी मूग गिळून बसले. रोज तिचं तोंड उतरलेलं दिसायचं, सर कपाळाला आठ्या घालायचे, आणि मला — सांगू? — गोड वाटायचं.

शेवटी तिनं तो नेटका, चांगला कोड पुसला आणि दुसराच लिहिला. लांबलचक, घाबरत घाबरत लिहिलेला. त्याच दुपारी मी घड्याळ काढायची माझी राहिलेली ओळ गुपचूप घातली. सगळ्यांचे कोडातले बदल मी तपासते, माझे कोण तपासणार? सगळ्या टेस्ट पास झाल्या. चूक तिचीच होती, हे सरांना पटलं. तिलाही पटलं.

"तुमास्नी लय तरास दिला ताई," म्हणाली. मी तिला चहा पाजला. वर धीरही दिला!

ती अजून माझ्या शेजारीच बसते. आता दोन ओळी लिहिल्या तरी खुर्ची वळवून विचारते, "ताई, बरोबर हाय न्हवं?" बरोबरच असतं. पण मी लगेच हो म्हणत नाही. तिला जरा ताटकळत ठेवते — आणि ते मला आवडतं.